ऑगस्टामधले बारा दिवस

चि. लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. सैन्य सोडून प्रशासकीय सेवेत तुझी निवड झाल्याचं तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं होतंच, आनंद तेव्हाच झाला. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर तू जे लिहिलं आहेस ते बाबांना माहीत नसावं. ‘काका, तिकडे हुकूम दिला की काम व्हायचं. इकडे हुकूम दिला की लोक विचारतात, कुठल्या नियमाखाली? दहा वर्षं गणवेशात काढली, त्यांचं इथे काय करू?’

हे मी दोनतीनदा वाचलं. महसूल खात्यातल्या माझ्या नोकरीवरून उत्तर देता आलं असतं, पण ते माझ्या तालुक्यांपुरतं आणि माझ्या काळापुरतं झालं असतं. म्हणून तुला एका माणसाबद्दल लिहितो. गेली वीसबावीस वर्षं मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय. तो आपल्याकडचा नाही, आपल्या काळातलाही नाही. पण तुला पडलेला प्रश्न त्याला जन्मभर पुन्हा पुन्हा पडला, आणि दरवेळी त्याचं उत्तर बरोबर आलं असं नाही. म्हणूनच तो मला जवळचा वाटतो.

जोशुआ लॉरेन्स चेंबरलेन. जन्म ८ सप्टेंबर १८२८, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात, ब्रूअर या गावी. पाच भावंडांतला थोरला. लहानपणी बोलताना अडखळायचा. काही अक्षरं ओठांवर आली की अडायचीच. मग त्याने शब्दांना लय द्यायला सुरुवात केली, वाक्य जणू गुणगुणत पुढे न्यायचं, म्हणजे अडणारं अक्षर लाटेबरोबर निघून जातं. हाच मुलगा पुढे बोडिन कॉलेजात वक्तृत्वाचा प्राध्यापक झाला. कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून ग्रीक घरीच माळ्यावर बसून शिकला. नंतर हिब्रू, अरबी, सिरियाक, जर्मन, फ्रेंच अशा भाषा घेत गेला.

विद्यार्थी असताना तो ब्रन्सविक गावात एका घरी शनिवारी संध्याकाळी जायचा. ते घर होतं हॅरिएट बीचर स्टो यांचं. त्यांचे पती त्याच कॉलेजात शिकवत. गुलामीवरची आपली गाजलेली कादंबरी त्या तेव्हा लिहीत होत्या आणि लिहून झालेली प्रकरणं जमलेल्यांना वाचून दाखवत. ऐकणाऱ्यांत हा असे. दहा वर्षांनी ज्या युद्धात तो उतरला त्याचं बी त्याच्या मनात कधी पडलं, हे शोधायचं तर मी त्या दिवाणखान्यात शोधीन.

१८६१ साली गुलामीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेचं नियमित सैन्य जेमतेम सोळा हजारांचं होतं. लढली ती प्रामुख्याने स्वयंसेवकांची फौज. प्रत्येक राज्य आपापल्या पलटणी उभारी, आणि त्यांचे अधिकारी नेमण्याचा अधिकार त्या राज्याच्या गव्हर्नरचा असे. (गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल समजू नकोस. तो लोकांनी निवडलेला, प्रत्यक्ष कारभार करणारा, आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.) जुलै १८६२ मध्ये लिंकन यांनी आणखी तीन लाख स्वयंसेवक मागितले. चेंबरलेन तेव्हा तेहतीस वर्षांचा, घरी बायको आणि दोन लहान मुलं. कॉलेजने त्याला युरोपात जाऊन भाषा शिकायला दोन वर्षांची रजा मंजूर केली होती. तो युरोपला गेला नाही. गव्हर्नर इझ्रायल वॉशबर्न यांच्याकडे जाऊन म्हणाला, मला घ्या. सहकारी प्राध्यापकांनी विरोध केला, हा शिपाईगडी नव्हे असंही गव्हर्नरला कळवण्यात आलं. गव्हर्नरने तरी त्याला एकदम कर्नल करायची तयारी दाखवली, म्हणजे आख्खी पलटण हातात.

त्याने नको म्हटलं. मी जरा खालून सुरुवात करतो, आधी काम शिकून घेतो, असं त्याचं म्हणणं.

इथे क्षणभर थांब. तू मेजर होऊन बाहेर पडलीस आणि आता पुन्हा परिविक्षाधीन म्हणून एखाद्या तहसीलदाराच्या कचेरीत बसून सातबारा वाचायला शिकणार आहेस. हे तुला थोडं लागलंय, हे पत्रातून दिसतं. चेंबरलेनला पलटण मिळत होती आणि त्याने एक पायरी खालची लेफ्टनंट कर्नलची जागा मागून घेतली, कारण आपल्याला काय येत नाही हे त्याला नेमकं ठाऊक होतं. त्याच्यावर कर्नल म्हणून आला ॲडेलबर्ट एम्स, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेला, वयाने त्याच्याहून सात वर्षांनी लहान. हा प्राध्यापक त्या तरुणाकडून रोज संध्याकाळी धडे घेई. युद्धशास्त्राचं जे पुस्तक मिळेल ते वाची. तुझ्या कचेरीत एखादा अव्वल कारकून असेल, वीस वर्षं फेरफाराच्या नोंदी हाताळलेला. तो तुझा एम्स. त्याच्यासमोर वही उघडून बसायला लाजू नकोस.

पुढच्या वर्षी मे महिन्यात एम्सला बढती मिळाली आणि २० वी मेन पलटण चेंबरलेनच्या हाती आली. आल्या आल्या जे संकट दारात उभं राहिलं ते शत्रूचं नव्हतं. २ ऱ्या मेन पलटणीतले एकशेवीस जण पहाऱ्यात, कैद्यांसारखे, त्याच्या ताब्यात दिले गेले. त्या पलटणीतल्या बहुतेकांची भरती दोन वर्षांची होती, ते घरी गेले. या एकशेवीस जणांनी मात्र तीन वर्षांच्या कागदावर सह्या केल्या होत्या. त्यांची समजूत अशी की पलटण घरी जाईल तेव्हा आपणही जाऊ. ती समजूत कुणी तरी करून दिलेली. आता ते बंदूक हाती घ्यायला तयार नव्हते, आणि वरून हुकूम होता: काम करायला लावा, नाहीतर गोळ्या घाला.

चेंबरलेनने पहारा काढला. ती माणसं उपाशी होती, त्यांना आधी जेवू घातलं. मग त्यांचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. त्यांची बाजू गव्हर्नरला लिहून कळवायचं कबूल केलं, आणि कळवलं. त्याचबरोबर हेही स्पष्ट सांगितलं की तोवर तुम्ही शिपाई आहात आणि शिपाई म्हणूनच वागवले जाल. एकत्र गट न ठेवता त्यांना वेगवेगळ्या कंपन्यांत वाटून टाकलं. थोडे सोडले तर सगळे कामाला लागले.

आणि दीड महिन्याच्या आत, २ जुलै १८६३ ला, गेटिसबर्गला लिटल राउंड टॉप नावाच्या टेकडीवर सैन्याच्या अगदी डाव्या टोकाला २० वी मेन उभी होती. त्या टेकडीवरच्या दीड तासावर ग्रंथालयं भरतील इतकं लिहिलं गेलंय, त्यामुळे मी थोडक्यात सांगतो. पलटणीत पावणेचारशेच्या आसपास माणसं. समोर विल्यम ओट्स याची १५ वी अलाबामा पलटण पुन्हा पुन्हा चढून येत होती. माणशी साठ काडतुसं होती ती संपली. मग संगिना लावून वरून खाली धाव घेतली, डावी बाजू दार मिटावं तशी फिरवत, आणि समोरचे मागे हटले. सव्वाशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. हुकूम नेमका कुणाच्या तोंडून आधी निघाला यावर त्याच्याच पलटणीतले लोक पुढे अनेक वर्षं वाद घालत राहिले. त्याला यासाठी सर्वोच्च शौर्यपदक मिळालं ते तब्बल तीस वर्षांनी, १८९३ साली. मला त्या टेकडीवरचा एक माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो: ॲन्ड्र्यू टोझियर. फळीचा मध्य जवळजवळ मोकळा झाला होता तेव्हा पलटणीचं निशाण काखेत धरून, पडलेल्याची बंदूक उचलून तो एकटा गोळ्या झाडत उभा राहिला. टोझियर त्या एकशेवीस जणांतला होता. या टोझियरला लक्षात ठेव, तो परत येणार आहे.

पुढची युद्धकथा भराभर सांगतो. जून १८६४ मध्ये पीटर्सबर्गला गोळी उजव्या कमरेतून शिरून डावीकडे निघाली, मूत्राशय फाटलं. तलवार जमिनीत रोवून तिच्यावर रेलून तो उभा राहिला, कारण आपण पडलेलं माणसांनी पाहू नये. वाचणार नाही म्हणून जनरल ग्रँट यांनी तिथल्या तिथे ब्रिगेडियर जनरल केलं, घरच्या वर्तमानपत्रांत मृत्यूची बातमीही छापून आली. तो वाचला. १२ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्स इथे दक्षिणेच्या पायदळाने शस्त्रं खाली ठेवली, तो सोहळा त्याच्या देखरेखीखाली झाला. हरलेले समोरून जाऊ लागले तेव्हा त्याने आपल्या माणसांना मानवंदना द्यायला लावली. त्याबद्दल उत्तरेत त्याला बोलणारे कमी नव्हते.

इथवर तुझ्या ओळखीचं जग. आता पुढे ते, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

१८६६ साली तो मेनचा गव्हर्नर म्हणून निवडून आला, तोवर कुणाला मिळालं नव्हतं इतक्या मताधिक्याने. मुदत एकेक वर्षाची होती, तो चार वेळा निवडून आला, जानेवारी १८७१ पर्यंत. कल्पना कर, पलटणीचा नायक कचेरीत बसलाय आणि समोर काय आहे? युद्धात झालेलं राज्याचं कर्ज. विधवा आणि अपंग शिपाई. शेती सोडून पश्चिमेकडे निघालेली तरुण माणसं आणि ओस पडत चाललेली गावं. त्यावर उपाय म्हणून स्वीडनमधून शेतकरी कुटुंबं आणून वसवायची योजना पुढे आली. १८७० च्या जुलैत पन्नासएक माणसांची पहिली तुकडी उत्तरेच्या जंगलात पोचली, ते गाव आजही न्यू स्वीडन म्हणून आहे. ओरोनो इथलं शेतकी कॉलेज याच काळात सुरू झालं, आज ते राज्याचं विद्यापीठ आहे. आणि दारूबंदी. मेनमध्ये १८५१ पासून दारूबंदीचा कायदा होता. तो राबवायला राज्याचं खास पोलीस दल काढावं असा आग्रह होता. चेंबरलेनला ते पटलं नाही. दारू पिणारा तो नव्हे, पण कायदा राबवायचा म्हणून लोकांच्या घरात शिरणारी वेगळी फौज त्याला नको होती. दारूबंदीवाले चिडले, त्याच्याच पक्षातले.

त्या चार वर्षांतल्या दोन सह्या मला अस्वस्थ करतात. त्यांच्याबद्दल मी तुझ्याशी मोकळेपणाने बोलणार आहे.

एक सही १८६९ ची. क्लिफ्टन हॅरिस नावाचा कृष्णवर्णीय तरुण, दक्षिणेतून मेनमध्ये आलेला. ऑबर्नजवळ दोन स्त्रियांच्या खुनाबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली होती. त्या राज्यात तेव्हा फाशीची शिक्षा कायद्यात होती, पण आधीचे गव्हर्नर बहुतेकदा हुकूमच काढत नसत, माणूस तुरुंगात पडून राही. चेंबरलेनचं म्हणणं असं की कायदा नको असेल तर विधिमंडळाने बदलावा; गव्हर्नरने सही न करून कायदा मारून टाकू नये. तर्क म्हणून तो चूक नाही. अनेकांनी गयावया केली. त्याने सही केली, मार्च १८६९ मध्ये हॅरिसला फाशी झाली.

दुसरी सही त्याच सुमारासची, माफीची. युद्धानंतर टोझियर वाईट मार्गाला लागला होता, चोऱ्या करत होता. पकडला गेला, शिक्षा झाली. गव्हर्नरने त्याला माफ केलं, एवढंच नाही, त्याला आणि त्याच्या बायकोला काही काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

चोरी आणि खून एका मापाने मोजता येत नाहीत, हे मला कळतं. टोझियरला दिलेल्या माफीबद्दल माझ्या मनात चेंबरलेनविषयी प्रेमच आहे. तरी हे दोन कागद शेजारी ठेवले की एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. एकाचा चेहरा त्याला माहीत होता. दुसऱ्याचं फक्त नाव कागदावर होतं. कायद्याच्या अक्षराला तो एका बाबतीत जितका घट्ट धरून राहिला तितका दुसऱ्या बाबतीत राहिला नाही.

हे मी दुसऱ्याला नावं ठेवायला लिहीत नाहीये. तहसीलदार असताना माझ्याकडे शेतरस्त्याची दोन प्रकरणं एकाच आठवड्यात आली. एक अर्जदार ओळखीचा, निवृत्त सुभेदार, कचेरीत आला की मी उठून उभा राहायचो. त्याच्या बांधावर मी चार दिवसांत स्थळपाहणीला गेलो. दुसरी एक विधवा बाई. तिचा अर्ज नियमाप्रमाणे चालला, म्हणजे नोटिसा, तारखा, पुन्हा तारखा. आठ महिन्यांनी मी तिच्या शेतावर गेलो तेव्हा तिचा ऊस रस्त्याअभावी फडातच वाळलेला होता. नियम मी एकही मोडला नव्हता. ती काही बोलली नाही, तिने मला लोट्यातून पाणी दिलं. तो लोटा मला अजून दिसतो.

सैन्यात तुझी माणसं तुला नावानिशी ठाऊक होती, कुणाची आई आजारी आहे, कुणाच्या बहिणीचं लग्न आहे. इथे तुझ्या उपविभागात काही लाख माणसं असतील आणि त्यातली बहुतेक तुला कागदावरच भेटतील.

गव्हर्नरपद संपल्यावर तो बोडिन कॉलेजात अध्यक्ष म्हणून परतला, १८८३ पर्यंत. तिथे त्याने विज्ञानाचं शिक्षण वाढवलं आणि कवायत सक्तीची केली. मुलांना ती नकोशी झाली. गणवेशाचा खर्च त्यांच्याच खिशातून, वेळ जाई, आणि युद्ध संपून नऊ वर्षं झालेली. मे १८७४ मध्ये पहिल्या तिन्ही वर्गांनी कवायत करायला नकार दिला. आता बघ, अकरा वर्षांपूर्वी बंडखोर शिपायांना जेवू घालणारा हाच माणूस. त्याने मुलांना घरी पाठवून दिलं आणि पालकांना पत्रं गेली: दहा दिवसांत शिस्त मान्य करून परत या, नाहीतर कायमचे बाहेर. तिघे सोडून सगळे परतले. म्हणजे तो जिंकला. पुढे कवायत ऐच्छिक झाली आणि काही वर्षांत बंदच पडली. ते एकशेवीस जण टेकडीवर त्याच्या बाजूने उभे राहिले होते. ही मुलं नुसती परत आली.

त्याला हा फरक जाणवला असेल का? मला वाटतं जाणवला असावा, कारण पुढे जे घडलं त्यात मला तो जुना, पहारा काढणारा चेंबरलेन पुन्हा दिसतो.

सप्टेंबर १८७९ च्या निवडणुकीत मेनमध्ये गव्हर्नरपदासाठी कुणालाच स्पष्ट बहुमत मिळालं नाही. अशा वेळी निवड विधिमंडळाने करायची. म्हणजे विधिमंडळ कुणाचं, हा प्रश्न. पदावर होते डेमोक्रॅट गव्हर्नर अलोन्झो गार्सेलन. त्यांनी आणि त्यांच्या मंडळाने मतदानाचे कागद तपासताना सह्यांच्या, नावांच्या, नमुन्याच्या चुका काढून रिपब्लिकनांच्या (चेंबरलेनचा पक्ष हाच) बऱ्याच जागा बाद ठरवल्या, आणि बहुमत दुसऱ्या बाजूला, डेमोक्रॅट आणि ग्रीनबॅक या तिसऱ्या पक्षाच्या आघाडीकडे गेलं. रिपब्लिकन भडकले. राजधानी ऑगस्टामध्ये दोन्हीकडची हत्यारबंद माणसं जमू लागली. सभागृहाच्या इमारतीतही हत्यारबंद माणसं आणून बसवली होती.

५ जानेवारी १८८० ला गार्सेलन यांनी चेंबरलेनला बोलावलं. कॉलेजचा अध्यक्ष असला तरी तो राज्याच्या मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांतून उभारलेल्या राखीव फौजेचा, मेजर जनरलही होता. हुकूम असा: रीतसर नवा गव्हर्नर येईपर्यंत राज्याच्या मालमत्तेचं आणि संस्थांचं रक्षण करा. दोनतीन दिवसांत गार्सेलन यांची मुदत संपली. राज्याला गव्हर्नर नाही, विधिमंडळ कुठलं खरं ते ठरलेलं नाही, आणि एक माणूस एका कागदाच्या आधारावर सरकारी इमारतीत बसलेला.

त्याने काय केलं ते तुझ्या नव्या कामाच्या नजरेने वाच. पहिलं, इमारतीतली हत्यारबंद माणसं घरी पाठवली. दुसरं, मिलिशिया बोलावली नाही. तिला तयार राहायला सांगितलं, पण ऑगस्टामध्ये आणलं नाही. बंदोबस्तासाठी शहराच्या महापौरांकडून साधे पोलीस घेतले. तिसरं, दोन्ही बाजूंचे दावेदार आले, मीच गव्हर्नर, माझे हुकूम माना, म्हणाले. त्याने कुणालाच मानलं नाही. तो सांगत राहिला की हे ठरवायचा अधिकार माझा नाही, न्यायालयाचा आहे, तिथे जा. त्याच्या स्वतःच्या पक्षाचे बडे नेते जेम्स ब्लेन यांना तो आपल्या बाजूने झुकायला हवा होता. तो झुकला नाही. खासदारकीचं आमिष दाखवलं गेलं, धमक्या आल्या, पळवून नेण्याचे बेत कानावर आले म्हणून तो रात्री झोपायच्या जागा बदलत असे. वर्तमानपत्रं दोन्हीकडून त्याला झोडपत होती.

एक दिवस पंचवीसतीस जणांचा जमाव त्याला मारायला इमारतीत आला, असं सांगतात. तो एकटा बाहेर त्यांच्यासमोर आला. मरण माझ्यासाठी नवं नाही, पण मी इथे कायद्याने सरकार येईपर्यंत शांतता राखायला उभा आहे, अशा अर्थाचं बोलला आणि कोटाची बटणं काढून छाती पुढे केली. गर्दीतून एक म्हातारा शिपाई ओरडला की जो याला हात लावील त्याला मी इथेच लोळवीन. जमाव पांगला. त्या दिवसांत बायकोला लिहिलेल्या पत्रात त्याने या प्रसंगाची तुलना राउंड टॉपच्या टेकडीशी केली आहे.

१६ जानेवारीला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रिपब्लिकन विधिमंडळाच्या बाजूने निकाल दिला. १७ तारखेला रिपब्लिकन डॅनियल डेव्हिस गव्हर्नर झाले, आणि त्याच दिवशी चेंबरलेनने अधिकार खाली ठेवला आणि कॉलेजात परत गेला. बारा दिवसांत एकही गोळी झाडली गेली नव्हती. बक्षीस काय मिळालं? राजकारणातली त्याची वाट बंद झाली. खासदारकी कधीच मिळाली नाही.

तू विचारलंस, गणवेशातल्या दहा वर्षांचं काय करू. त्या रिकाम्या इमारतीत मिलिशिया न बोलावण्याची हिंमत त्याच्यात कुठून आली असेल? फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत रात्रभर प्रेतांच्या आडोशाला पडून राहिलेल्या माणसाला बंदुका आल्या की पुढे काय होतं ते माहीत होतं. ज्याने कधी गोळी पाहिली नाही तोच ती मागवायची घाई करतो. तुझी दहा वर्षं तुला इथे उपयोगी पडतील ती याच जागी, बंदोबस्ताच्या फाइलवर शेरा लिहिताना.

पण यातून बळ वापरूच नये असा अर्थ काढू नकोस. म्हणून एम्सची गोष्ट सांगायलाच हवी. चेंबरलेनचा तो तरुण गुरू पुढे मिसिसिपीचा गव्हर्नर झाला, १८७३ च्या निवडणुकीत. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना अर्पण केली. ज्यांच्याकडे जोतीराव इतक्या आशेने पाहत होते त्यांत एम्स होता, चेंबरलेनही होता. मिसिसिपीत १८७५ साली नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मतदान करू नये म्हणून मारलं जात होतं. एम्सने वॉशिंग्टनकडे सैन्य मागितलं. मिळालं नाही. निवडणूक दहशतीत पार पडली आणि मार्च १८७६ मध्ये महाभियोगाच्या धाकाखाली एम्सने राजीनामा दिला. ऑगस्टामध्ये सैन्य न बोलावणं बरोबर होतं, मिसिसिपीत सैन्य न पाठवणं हा घात होता. दोन्हीकडे निवडणूक होती, दोन्हीकडे जमाव होते. ऑगस्टामध्ये दोन जवळपास सारख्या ताकदीच्या बाजू भांडत होत्या. मिसिसिपीत एक बाजू दुसरीला मारत होती. समोर भांडण आहे की मार, हे ओळखायला तुला कचेरीतला अहवाल पुरणार नाही. वस्तीत जावं लागेल.

चेंबरलेनचं पुढचं आयुष्य फारसं कुणी सांगत नाही. फ्लोरिडात रेल्वे आणि जमिनींच्या व्यवसायात पडला, तिथे यश आलं नाही. पीटर्सबर्गची जखम कधीच पूर्ण भरली नाही, आयुष्यभर वेदना, शस्त्रक्रिया, ताप. सत्तरीला आलेला असताना १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात मला घ्या म्हणून त्याने अर्ज केला, तो नाकारला गेला. १९०० साली त्याला पोर्टलंड बंदरात सर्वेक्षकाची सरकारी जागा मिळाली. मोठी जागा नव्हे. जो एकदा राज्याचा गव्हर्नर होता तो तिथे बसून येणाऱ्या मालाचे कागद पाहत असे. १९०५ मध्ये बायको गेली, शेवटची वर्षं ती पूर्ण आंधळी होती. त्याची उरलेली हयात त्याच बंदरात सरली. २४ फेब्रुवारी १९१४ ला तो गेला तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचा होता, आणि कारण तीच, पन्नास वर्षांपूर्वीची जखम.

आता तुझ्या कामाचं. रुजू झालीस की पहिल्या आठवड्यात प्रलंबित नस्त्यांची यादी माग, तारखेच्या क्रमाने लावलेली. वरून ओळखीची नावं काढून ठेव, ती माणसं कचेरीत येतीलच. उरलेल्यांतली सगळ्यात जुनी घे आणि गाडी काढून त्या गावी जा. बरोबर मंडळ अधिकाऱ्याला घे, पण अर्जदाराशी तू स्वतः बोल, आणि आधी ऐक. परत आलीस की मला लिही, काय दिसलं ते.

तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
काका